बुडबुडा कुठून येतो

मीटर वाचायला निघाले होते,
एकशे बारा घरं, दोन चॅपेल, एक देऊळ,
आणि पिएदादच्या उतारावर
मागचं चाक एकदम मऊ पडलं.

कायतानाचं दुकान फेरीच्या धक्क्यापाशी.
दुकान म्हणजे एक पत्रा, एक टप,
खिळ्यांना टांगलेल्या जुन्या ट्यूबा,
वाळत घातलेल्या मुशीच्या पट्ट्यांसारख्या.
कायतान खुर्चीत. उजवा हात मांडीवर ठेवलेला,
कुणा दुसऱ्याचा असावा तसा.
मार्चमध्ये झटका येऊन गेला.
म्हणाला, "मीटरबाय, आज तूच काढ. हांव सांगतां."

दोन चमच्यांनी टायर उचकटला
(त्याची बायको हे चमचे अजून शोधते),
ट्यूब ओढून काढली, भरली, टपात बुडवली.
टपातलं पाणी नदीचंच, गढूळ, किंचित खारं.
वीत वीत दाबत सरकवत गेले:
काही नाही. काही नाही.
वॉल्व्हपाशीही काही नाही.
मग एका जागी
माळेचे मणी ओघळावेत तसे

बुडबुडे,
आणि मी एकदम खाजनात.
बाबा गुडघाभर चिखलात,
बांधाला जवळजवळ गाल टेकवून पाण्याकडे बघणारे.
भरती चढताना कुर्लीच्या बिळातून
असेच येतात, बारीक, एका रांगेत.
"बघ, इथून नदी आत शिरतेय."
मग चिखल, पेंढा, पुन्हा चिखल,
आणि वर टाच, पूर्ण अंगाच्या वजनानं.
"एका कुर्लीचं बीळ, आणि अख्खं शेत खारट.
कोरगुट झालं तरी किती मीठ सोसणार?"

"कितें जालें? जागा धर!" कायतान ओरडला.
मी बोट ठेवलं. पेनानं फुली मारली,
वहीत बंद घरांपुढे मारते तशी.

पॉलिश पेपरनं घासायचं, चकाकी जाईपर्यंत.
गुळगुळीत रबराला काही धरत नाही.
मग सोल्यूशन, नखाएवढं, बोटानं पसरून,
आणि मी लगेच पॅच उचलला.

"राव गो, राव!"
फुंकर घातलेलीही त्याला चालत नाही.
सोल्यूशन बोटाला चिकटेनासं झालं
की मगच ते पॅचला चिकटतं.
ओलं असताना दाबलेलं दुपारपर्यंत सुटतं.

थांबलो.
फेरी आली, चार स्कूटर आणि एक वासरू उतरलं,
फेरी गेली.
"तुमच्या शेताचें कितें?"
पडीक, म्हटलं. मानशीची फळी कुजली.
भाऊ बहारीनला, मी वीजखात्यात.
आता छातीएवढं कांदळ आलंय तिथं.
त्यानं मान हलवली,
हल्ली ती डावीकडे जरा जास्त जाते.

पॅच बसला. अंगठ्यानं दाबला,
कडेपासून नव्हे, मधून बाहेर.
हातोडीच्या दांड्यानं दोनदा ठोकला.
ट्यूब आत घालणार, तर म्हणाला,
"आदीं टायरांत बोट घाल. सावकाश."

मला वाटलं, काटा असेल.
निघाली कालवाच्या शिंपेची कपची,
तांदळाच्या कणीएवढी,
आणि माझ्या बोटाला रक्त.
काल संध्याकाळी मी बांधावर गेले होते,
सायकल हातात धरून, पार मानशीपर्यंत.
कुणाला सांगितलं नव्हतं.
सांगण्यासारखं काही केलंही नव्हतं,
नुसती उभी होते.

कायतानानं कपची डाव्या हातानं उन्हात धरली.
"ही रस्त्यावयली न्हय," म्हणाला,
आणि नदीत टाकली.

पंप मीच मारला. पैसे त्यानं घेतलेच, वीस.
काम मी केलं, म्हटलं.
"शिकवण्याचे," म्हणाला.
डबीत दोन पॅच उरले होते, ते माझ्या पिशवीत सारले.

सत्तावन्न घरं व्हायची होती.
मी पायडलवर पाय ठेवला तेव्हा
तो फेरीकडे बघत होता.
"ओहोटी चारांक," म्हणाला.
मी विचारलं नव्हतं.